सापळ्यातील पतंगाची नोंद सल्ल्यापर्यंत कशी पोहोचते?
कापसावरील कीड-नोंदी, डेटाबेस आणि वेळापत्रक

खानदेशात कापूस हे खरिपातील प्रमुख नगदी पीक आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या थाळनेर परिसरातील भारी काळ्या जमिनीपासून ते सातपुड्याच्या पायथ्याशी बोराडीकडील हलक्या जमिनीपर्यंत कापसाची लागवड केली जाते. अलीकडच्या वर्षांत या पिकाचे मोठे नुकसान गुलाबी बोंडअळीने केले आहे. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ वाण २००६ मध्ये आले. काही वर्षे बोंडअळ्यांचा त्रास कमी झाला. परंतु पुढे गुजरातमध्ये या वाणांवरही गुलाबी बोंडअळी तग धरू लागल्याचे आढळून आले आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला.

तेव्हापासून कामगंध सापळे लावणे व त्यातील पतंग मोजणे यावर भर देण्यात येत आहे. अनेक शेतकरी बंधू सापळे लावतात आणि पतंगही मोजतात. परंतु मोजलेल्या आकड्याचे पुढे काय होते, तो संगणकात कोठे साठतो आणि त्यावरून सल्ला कसा तयार होतो, याची माहिती फार थोड्यांना असते. मोजणी बरोबर असूनही पुढच्या टप्प्यात चूक झाली, तर सल्ला चुकतो किंवा उशिरा मिळतो. म्हणून सदर लेखात हा मधला प्रवास सोप्या भाषेत दिला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या व गटांना स्वतःच्या नोंदी ठेवावयाच्या असतील, तर त्यांनाही याचा उपयोग होईल.

वेळेला एवढे महत्त्व का?

गुलाबी बोंडअळीची मादी पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून साधारणपणे ४ ते ५ दिवसांत अळी बाहेर पडते आणि लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा अळी बोंडात शिरली की तिने पाडलेले छिद्र बुजते व फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे सापळ्यात पतंग दिसू लागल्यापासून उपाय करण्यासाठी हातात अवघे काही दिवस असतात. सल्ला आठवडाभर उशिरा आला तर फवारणीचा खर्च होतो, अळी मात्र मरत नाही.

याउलट गरज नसताना केलेली फवारणीही नुकसानीचीच असते. हंगामाच्या सुरुवातीस सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वापरल्यास मित्रकीटक मरतात व पांढरी माशी वाढते. शिवाय फवारणी करणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे फवारावे की नाही हे आकड्यावरून ठरले पाहिजे आणि तो आकडा वेळेवर व बरोबर मिळाला पाहिजे.

यासाठी आर्थिक नुकसान संकेत पातळी ठरवून दिलेली आहे. प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग तीन रात्री आढळल्यास, किंवा १० टक्के फुले अथवा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त आढळल्यास उपाययोजना करावी. एकरातून २० हिरवी बोंडे तोडून फोडली आणि २ बोंडांत अळी सापडली, म्हणजे ही १० टक्के पातळी गाठली असे समजावे.

क्रॉपसॅप प्रकल्प

२००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू करण्यात आला. यालाच आपण क्रॉपसॅप म्हणतो. राज्याचा कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था यांचा हा एकत्रित उपक्रम आहे. यात गावांमधील काही ठरावीक व काही अचानक निवडलेल्या शेतांत ठरलेल्या पद्धतीने निरीक्षणे घेतली जातात. ती संगणकावर भरली जातात, त्यांचे तालुकावार अहवाल तयार होतात आणि त्यांवरून शास्त्रज्ञांचा सल्ला शेतकऱ्यांपर्यंत मोबाईल संदेशाने व गावातील फलकाने पोहोचवला जातो.

अशा कोणत्याही व्यवस्थेत तीन भाग असतात. पहिला नोंदी साठवणारा डेटाबेस, दुसरा त्या नोंदींचा सारांश करणारे साधन आणि तिसरा हे काम ठरल्या वेळी सुरू करणारे वेळापत्रक. हे तीन भाग एकमेकांना कसे जोडतात ते पुढे क्रमाने पाहू. पुढील उदाहरण बारा शेतांच्या एका गटाचे कल्पून दिले आहे.

तक्ते एकमेकांना कसे जोडलेले असतात?

आपल्याला सातबारा व आठ-अ हे उतारे परिचित आहेत. सातबारा गट क्रमांकाप्रमाणे असतो, तर आठ-अ मध्ये एका खातेदाराची सर्व जमीन एकत्र दिसते. दोन्ही उताऱ्यांवर खाते क्रमांक असल्यामुळे एकावरून दुसऱ्याकडे जाता येते. खातेदाराचे सर्व तपशील प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहावे लागत नाहीत.

संगणकातील रिलेशनल डेटाबेस याच तत्त्वावर चालतो. आयबीएम कंपनीतील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवावयाची आणि समान ओळख क्रमांकाने ते तक्ते जोडावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. कापसाच्या कीड-नोंदींसाठी साधारण तीन तक्ते पुरतात.

(१) शेताचा तक्ता : शेताचा ओळख क्रमांक, गाव, बागायत की कोरडवाहू, लागवडीची तारीख, वाण.

(२) सापळ्याचा तक्ता : सापळ्याचा क्रमांक, तो कोणत्या शेतात आहे, लावल्याची तारीख, ल्यूर म्हणजे गंधगोळी बदलल्याची तारीख. निरीक्षणासाठी एकरी दोन सापळे लावावेत.

(३) निरीक्षणाचा तक्ता : सापळ्याचा क्रमांक, निरीक्षणाची तारीख, पतंगांची संख्या, तसेच नोंद प्रत्यक्ष संगणकात भरल्याची तारीख व वेळ.

शेतकऱ्याचे नाव व मोबाईल क्रमांक चौथ्या, वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. सारांश काढण्यासाठी त्यांची गरज नसते व ते सर्वांना दिसणे योग्य नाही.

येथे लागवडीची तारीख निरीक्षणाच्या तक्त्यात नाही, शेताच्या तक्त्यात आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पीक किती दिवसांचे असताना पतंग आले, हे कळण्यासाठी तिन्ही तक्ते जोडावेच लागतात. हा जोड तुटला तर आकडा उरतो, पण तो कोणत्या पिकाचा हे कळत नाही.

रूपांतर करणारे साधन डेटाबेसला कसे जोडावे?

कच्च्या नोंदींवरून उपयोगी सारांश तयार करण्याच्या कामाला संगणकाच्या क्षेत्रात ईटीएल म्हणतात. माहिती काढणे, तिचे रूपांतर करणे व योग्य ठिकाणी भरणे असा त्याचा अर्थ आहे. कीटकशास्त्रात हीच तीन अक्षरे आर्थिक नुकसान संकेत पातळीसाठी वापरतात. तेव्हा दोन्हींची गल्लत करू नये.

या कामासाठी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस व डीबीटी हे रूपांतराचे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. हे डीबीटी म्हणजे थेट अनुदान जमा करण्याची डीबीटी योजना नव्हे. हे साधन माहिती बाहेर काढून नेत नाही. ते डेटाबेसलाच एसक्यूएल भाषेत आज्ञा देते व त्याच्याकडूनच सारांशाचे नवे तक्ते तयार करून घेते.

जोडणीसाठी पाच गोष्टी द्याव्या लागतात : डेटाबेस असलेल्या संगणकाचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. पोस्टग्रेएसक्यूएलचा पोर्ट क्रमांक बहुधा ५४३२ असतो. पुढील खबरदारी घ्यावी.

(अ) रूपांतराच्या साधनासाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा. मुख्य चालकाचा पासवर्ड त्याला देऊ नये.

(आ) मूळ तक्ते फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. सारांशाचे तक्ते लिहिण्यासाठी डेटाबेसमध्ये वेगळा विभाग करावा. असे केल्यास आज्ञेत चूक झाली तरी शेतातून आलेली मूळ नोंद सुरक्षित राहते व सारांश पुन्हा काढता येतो.

(इ) नाव व मोबाईल क्रमांकाच्या तक्त्याची परवानगी या वापरकर्त्याला देऊ नये.

(ई) पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात लिहू नये, वेगळा ठेवावा. काम करणारी व्यक्ती बदलल्यास तो बदलावा.

वेळापत्रक कसे ठरवावे?

डीबीटीची विनामूल्य आवृत्ती आपोआप ठरल्या वेळी सुरू होत नाही. त्यासाठी युनिक्स व लिनक्स प्रणालीतील क्रॉन हा वेळापत्रक पाळणारा कार्यक्रम वापरतात. त्यात मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना व आठवड्याचा वार असे पाच रकाने भरावे लागतात. ठिबक संचाच्या टायमरवर पाळीची वेळ लावावी, तसेच हे आहे. टायमर वेळ झाली की व्हॉल्व्ह उघडतो, विहिरीत पाणी आहे की नाही हे तो पाहत नाही. क्रॉनही वेळ झाली की काम सुरू करतो. नोंदी आल्या आहेत की नाहीत, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून वेळ विचारपूर्वक निवडावी लागते.

समजा, गटाने रविवार, सोमवार व मंगळवारी सकाळी सापळे तपासले. म्हणजे सलग तीन रात्रींच्या नोंदी झाल्या. सखल भागातील गावांतून त्या मंगळवारी दुपारपर्यंत भरल्या गेल्या. सातपुड्याच्या पायथ्याकडील वस्त्यांवर मोबाईलची रेंज कमी असल्याने तेथील नोंदी बुधवारी सकाळी आल्या. आता सारांशाची वेळ मंगळवारी सायंकाळची ठेवली, तर या वस्त्या त्यात येणारच नाहीत. पुढचा सारांश पुढच्या मंगळवारी निघेल. तोपर्यंत रविवारी दिसलेल्या पतंगांच्या अंड्यांतून अळ्या निघून त्या बोंडात गेलेल्या असतील. तीच वेळ बुधवारी दुपारी ३ वाजता ठेवली, तर सर्व नोंदी येतात, सायंकाळी तज्ज्ञ त्या पाहू शकतात आणि गुरुवारी सकाळी संदेश देता येतो.

वेळेबाबत आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात.

पहिली गोष्ट घड्याळाची. भाड्याने घेतलेल्या संगणकांचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाण वेळेवर असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. अशा संगणकावर १५ वाजता असे लिहिल्यास काम आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होईल. आपल्या दुपारी ३ वाजताच्या कामासाठी तेथे ९ वाजून ३० मिनिटे ही वेळ द्यावी.

दुसरी गोष्ट उशिरा येणाऱ्या नोंदींची. काही ठिकाणी मागील सारांशानंतरच्या तारखेची निरीक्षणे तेवढी घ्यावीत, अशी आज्ञा दिलेली असते. मग मागील तारखेचे निरीक्षण उशिरा भरले गेल्यास ते कायमचे बाजूला पडते. म्हणून नवीन नोंद ओळखताना निरीक्षणाची तारीख न पाहता नोंद भरल्याची वेळ पाहावी. लहान गटाने तर याहून सोपा मार्ग धरावा. बारा शेते, प्रत्येकी दोन सापळे व आठवड्यातून तीन नोंदी धरल्या, तर २६ आठवड्यांच्या हंगामात १,८७२ ओळी होतात. संगणकाला हे काम काही सेकंदांचे आहे. तेव्हा दर वेळी सर्व नोंदींवरून सारांश नव्याने काढावा.

सरासरीत दडलेली कीड

रूपांतर कसे करावे यावर सल्ला सर्वांत जास्त अवलंबून असतो. शिरपूर तालुक्यात नाला खोलीकरण व साखळी बंधाऱ्यांच्या कामामुळे ज्या भागात विहिरींना पाणी वाढले, तेथे ठिबकवर कापसाची लवकर लागवड करता येते. शेजारीच पावसावर पेरलेला कापूस असतो. लवकर लावलेल्या कापसाला पात्या व फुले लवकर येतात आणि पतंग प्रथम तेथे अंडी घालतात.

आपल्या उदाहरणातील बारा शेतांपैकी चार शेते लवकर लावलेली बागायती आहेत. त्यांत प्रति सापळा प्रति रात्र ११, ९, १० व १२ पतंग आढळले. आठ कोरडवाहू शेतांत १, २, ०, १, २, १, ० व १ पतंग आढळले. तिन्ही रात्री हीच परिस्थिती होती असे धरू. सर्व बारा शेतांची बेरीज ५० व सरासरी सुमारे ४.२ येते. ही संख्या ८ पेक्षा कमी असल्याने कीड पातळीखाली आहे, असा अहवाल निघेल. परंतु बागायती शेतांची सरासरी १०.५ आणि कोरडवाहू शेतांची १ आहे. म्हणजे चार शेतकऱ्यांनी लगेच उपाय करावयास हवा होता आणि आठ शेतकऱ्यांना फवारणीची गरज नव्हती. एकत्र सरासरीने चौघांना गाफील ठेवले. उलट बागायती शेते संख्येने जास्त असती, तर कोरडवाहू शेतकऱ्यांना विनाकारण खर्च करावा लागला असता.

यासाठी रूपांतर करताना शेतांचे गट लागवडीच्या तारखेप्रमाणे व बागायत-कोरडवाहू असे करावेत. सरासरीबरोबर किती शेते पातळीच्या वर आहेत, ही संख्याही द्यावी. सरासरी ४.२ असे न लिहिता १२ पैकी ४ शेते पातळीवर, चारही लवकर लागवडीची, असे लिहिले तर सल्ल्याचा अर्थ लगेच कळतो.

शून्य वेगळे, रिकामे वेगळे

सापळा तपासला व पतंग आढळला नाही, तर ० लिहावे. सापळा तपासलाच नाही, तर रकाना रिकामा ठेवावा. दोन्हींत फार फरक आहे. एका सापळ्यात रविवारी ९ पतंग मिळाले, सोमवारी पावसामुळे तपासणी झाली नाही आणि मंगळवारी १० मिळाले. रिकाम्या रकान्याला शून्य धरल्यास तीन रात्रींची सरासरी ६.३ येते व सलग तीन रात्रींची अटही मोडते. संगणक धोका नाही असे सांगेल. वास्तविक तेथे उत्तर द्यावयास हवे ते असे : माहिती अपुरी आहे, सापळा पुन्हा तपासावा व बोंडे फोडून पाहावीत.

त्याचप्रमाणे सापळा रोज रिकामा करावा. तीन रात्रींचे पतंग साचू देऊन एकदम मोजले आणि ती एका रात्रीची संख्या म्हणून भरली, तर आकडा तिप्पट दिसतो. अशी चूक कोणत्याही साधनाने दुरुस्त होत नाही.

सारांश निघण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

रूपांतराच्या साधनात तपासण्या लिहून ठेवता येतात. त्या उत्तीर्ण झाल्या तरच पुढचा अहवाल तयार व्हावा, अशी व्यवस्था करावी.

१) दुबार नोंद : रेंज नसताना बटण दोनदा दाबले गेल्यास एकच नोंद दोन वेळा येते. एका सापळ्याची एका तारखेला एकच नोंद असावी.

२) तुटलेला जोड : एका तक्त्यात क्रमांक ०१२ व दुसऱ्यात १२ असे लिहिले, तर संगणकाला ती वेगळी वाटू शकतात आणि ते शेत अहवालातून न सांगता गळते. जोड न लागलेल्या नोंदींची वेगळी यादी काढावी. बारा शेते आत आली, तर बारा बाहेर आली पाहिजेत.

३) अशक्य आकडा : उणे संख्या, पुढील तारीख किंवा लागवडीच्या आधीची तारीख आढळल्यास नोंद थांबवावी व संबंधितास विचारावे. मोठा आकडा मात्र आपोआप वगळू नये, कारण तो उद्रेकाची पहिली खूण असू शकतो.

४) ताजेपणा : सर्वांत नवी नोंद किती दिवसांपूर्वीची आहे ते पाहावे. नोंदी जुन्या असल्यास अहवाल काढू नये.

काम मध्येच बंद पडले तर पडद्यावर मागील आठवड्याचाच अहवाल दिसत राहतो आणि तो आजचा वाटतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक अहवालावर नोंदींच्या तारखा ठळकपणे छापाव्यात आणि काम अयशस्वी झाल्यास जबाबदार व्यक्तीला संदेश जाईल असे करावे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

ज्यांना संगणकाशी काही देणेघेणे नाही, त्यांनीही कोणताही कीड-सल्ला मिळाल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. नोंदी कोणत्या तारखांच्या आहेत? त्या कशा प्रकारच्या शेतांतील आहेत? किती शेतांतील आहेत? आपला कापूस लवकर लावलेला असेल व नोंदी उशिरा पेरलेल्या शेतांतील असतील, तर त्या सल्ल्यावर विसंबून राहू नये. स्वतःच्या शेतात सापळे तपासावेत, डोमकळ्या शोधून अळीसह नष्ट कराव्यात आणि २० बोंडे फोडून पाहावीत. पातळी ओलांडली असल्यास कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे व संरक्षक साधने वापरूनच फवारणी करावी. फरदड घेऊ नये व हंगाम डिसेंबरअखेर संपवावा.

गटाने किंवा उत्पादक कंपनीने नोंदी ठेवावयाचे ठरविल्यास सुरुवात वहीपासून करावी. शेतांना क्रमांक द्यावेत, सापळ्यांवर ते रंगाने लिहावेत आणि लागवडीची तारीख त्याच दिवशी नोंदवावी. गावातील संगणक शिकलेल्या तरुणाकडे डेटाबेस व वेळापत्रकाचे काम सोपवावे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला वहीतील बेरीज व संगणकातील बेरीज ताडून पाहावी. दोन्ही जुळू लागल्यावरच संगणकाच्या अहवालावरून संदेश पाठवण्यास सुरुवात करावी. येत्या खरिपासाठी हे काम करावयाचे असल्यास क्रमांक देणे व तक्ते आखणे मे महिन्यातच पूर्ण करावे, म्हणजे लवकर लावलेल्या कापसाची पहिली नोंदही सुटणार नाही.